कधी न निवलेली बाज

मी एक जुनी बाज आहे. भिवंडीजवळच्या खारबाव गावात, एका घराच्या पडवीत पडून असते. माझी वीण मध्ये खचली आहे आणि त्या खोलगटात सध्या मिरच्या वाळत घातल्या आहेत. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. बाजेच्या आयुष्यात काय घडणार? कुणी येतं, झोपतं, उठून जातं. तरी थोडं सांगते. कंटाळलात तर मध्येच उठा. मला त्याची सवय आहे.

मला सावळारामने बनवलं. पाय ऐनाच्या लाकडाचे, वीण काथ्याची. त्याची बायको बायजाबाई बाळंत झाली, तेव्हा माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, ओवा-शेपाची धुरी देऊन तिला शेकलं. तिच्या कुशीत अनंता होता. तेव्हापासून त्या घराचा नेम झाला : बाळंतीण याच बाजेवर झोपणार.

अनंता मोठा झाला आणि भिवंडीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला लागला. गावाहून ये-जा करून शिफ्ट जमेना. म्हणून १९८५च्या सुमारास त्याने मला टेम्पोच्या टपावर बांधलं आणि धामणकर नाक्याजवळ कामगारांच्या एका सामाईक खोलीत नेलं. खाली कारखाना, वर आम्ही. तिथे ज्याची बाज त्याची जागा. बाज हलली की जागा गेली.

माझ्यावर दोघे झोपत. अनंता दिवसपाळीला गेला की रातपाळीहून आलेला त्याचा सोबती इद्रीस आडवा होई. संध्याकाळी तो उठला की अनंता. एकाच्या अंगाची ऊब जायच्या आत दुसरा येई. मी कधी निवलेच नाही. खालचे लूम माझे चारही पाय सतत थरथरवत. थकवा म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. वीज गेली, खडखडाट थांबला, की झोपलेली माणसं दचकून उठत. “लाइट गेली काय रे?” आवाजात गाढ झोपणाऱ्यांना शांततेने जाग येई.

एका दुपारी अनंताची बायको गोदू गावाहून आली. तिला दिवस गेले होते. अनंता जेवायला वर आला होता. इद्रीस माझ्यावरून उठून भिंतीला टेकून बसला.

“हितं संसार मांडू म्हनता?” भिंतीला हात लावत गोदू म्हणाली. “भिंतीला पन हिवताप आलाय. पोर कसं वाढवू?”

“गावात मला झोप लागत न्हाय, गोदू. आनि जागा सोडली की परत मिळायची न्हाय.”

“झोपंसाठी कोन बायको सोडतं?”

इद्रीस डोळे चोळत म्हणाला, “वहिनी, बाप कुठं राहील ते बाद में बघा. पहिले बाज घेऊन जा. बाळंतीण जमिनीवर झोपेल क्या?”

“आनि जागा?” अनंताने विचारलं.

“मी झोपतो ना जमिनीवर. मला उठवायला क्रेन लागते, सगळ्यांना मालूम आहे.”

मी खारबावला परतले. गोदूला मुलगी झाली. अनंता आठवडाभराची रजा घेऊन आला आणि माझ्याशेजारी गोधडीवर झोपू लागला. पोर टाहो फोडी, तेव्हा तो घोरे. ती शांत झाली की ताडकन उठे.

“रडते तवा घोरता, आनि गप झाली की उठता! असला बाप कंदी बघितला न्हाय,” गोदू हसली.

अनंता हसला नाही. तो पोरीच्या नाकाशी बोट धरून बसला होता.

“मला वाटलं, बंद पडली,” तो म्हणाला.

गोदूचं हसू मावळलं. तिने त्याचा हात धरून माझ्या कडेच्या लाकडावर ठेवला. “काय हलतंय? न्हाय ना? आपल्या घरात गप म्हंजे बंद न्हाय.”

अनंताने बराच वेळ हात तिथेच ठेवला. मग म्हणाला, “इद्रीसला सांगतो, माझी जागा दुसऱ्या कुनाला दे. मी हितूनच जाईन-येईन.”

काही दिवसांनी इद्रीस स्वतःच आला. लूमवर कापडाच्या कडेचं सूत वाया जातं, त्याला पीळ देऊन त्याने जाड दोरी वळली होती. ती त्याने माझ्या पायथ्याला ओढून बांधली.

“तुझी जागा दिली एकाला,” तो म्हणाला. “त्याच्या बाजेवर आता दिवसा मी, रात्री तो. बाज नवी आहे, बिचारी.”

निवड बरोबर होती का, मला सांगता येणार नाही. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं. टेम्पोच्या धक्क्यांनी अनंता माझ्यासारखाच मध्ये खचत गेला. पण मी मात्र दिवसभर निवू लागले.

आता शतक सरत आलं आहे. त्या मुलीला सगळे ताई म्हणतात. अनंताने लूम सोडला, पण लूमने त्याचे कान ठेवून घेतले. परवा शेजारची ठमाबाई म्हणाली, “ही मोडकी बाज चुलीत घाला की.” ताई फणकारली, “मंग बाबा निजंल कुठं? तुझ्या वट्यावर?”

दुपारी अनंता मिरच्या बाजूला करून आडवा होतो. आधी माझ्या कडेच्या लाकडावर तळहात ठेवतो. काही हलत नाही ना, ते बघतो. मग झोपतो.

मित्रांनो, घरात अशी एखादी बाज असेल, तर वर्षातून एकदा तिची दोरी ताणा. आणि कुणी थकून गप पडलं असेल, तर बंद पडलं समजून त्याला उठवू नका. हवं तर नाकाशी बोट धरून बघा. मग थोडा वेळ तसंच राहू द्या.