वरचा सूर कुणाचा

रेडिओच्या बटणावर दाढीच्या फेसाचा पांढरा ठिपका — म्हणजे आजही आवाज नवऱ्यानंच वाढवला होता, दाढी अर्धी टाकून. नाताळचा आठवडा लागल्यापासून रोज सकाळी हेच. रेडिओवर गाण्यांविषयी सांगणारी बाई बोलू लागली की हा लिफ्ट दुरुस्त करणारा, गाणं म्हणजे कटकट म्हणणारा माणूस न्हाणीघराचं दार उघडं ठेवू लागला होता. का? तिनं शिलाई मशीनवरचा पाय उचलला. तिलाही ऐकायचं होतं... पण ते कशाला सांगा.

बाई सांगत होती : नाताळची ही गाणी चौघं मिळून गातात, सगळ्यांना पाठ असते ती वरची चाल, पण तिच्याखाली एक आवाज तिला तोलून धरतो. "तो एकटा ऐका."

आणि रेडिओतून नवऱ्याचं दाढी करतानाचं रोजचं गुणगुणणं आलं. तेच रेंगाळणं, तेच एका सुरावर अडून बसणं. लग्नापासून ती त्याला बेसूर म्हणत आली होती, माहेरी त्याची नक्कल करून बहिणींना हसवत आली होती — आणि हा इतकी वर्षं अचूक गात होता. अर्धं गाणं. उरलेलं कुणीतरी शेजारी उभं राहून, श्वासाला श्वास जुळवून...

"अहो, हे कुठे शिकलात?"

"काय?"

"हेच. खालचं."

नळ सुरू झाला. "वर्कशॉपमध्ये गायचो आम्ही. नाताळात. लग्नाआधी."

"वरचं कोण गायचं?"

"आता कुठलं आठवायला!" मग आरशातूनच, हसत, "सकाळी सकाळी पोलीस चौकी उघडलीस काय गं?"

स्वतःचा एकेक सूर लक्षात, आणि शेजारचं माणूस तेवढं विसरलं?

तो कामावर गेला. रेडिओवर आता चारही आवाज एकत्र. ती त्यातून वरचा तेवढा सोडवत बसली, उसवलेल्या शिवणीतून दोरा ओढावा तसा. गोड होता मेला. इतका, की तिचा राग क्षणभर विसरला कुणावर यायचं ते.

हे रोज अर्धं गाऊन वर जागा मोकळी ठेवत होते, आणि मी त्या जागेत दूध, पंखा, पाहुणे असलं काहीबाही बोलत राहिले...

तिनं वरची चाल हळूच गळ्यात घेऊन पाहिली. उद्या तो दाढी करत असताना म्हणायची. एकदम. तोंड कसं होतं बघू. दचकला, तर कळेलच काय ते. पण नाही दचकला तर — वर कोण गातंय हे न बघता, डोळे मिटून, सुखानं खालचं धरून गातच राहिला तर...

तरी तिनं चाल पुन्हा पहिल्यापासून घेतली.