शार्दूलचं दावं

शार्दूल मोटारसायकलची कंपनी विकली गेली, हे मोबाइलवर वाचल्यापासून धुळाजीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मेंढरांमागं गेला, तो अर्ध्यातूनच परतला. शार्दूलवाल्या दोस्तांना फोन करकरून या विक्रीवरून भांडला. शेवटी पेचकसानं त्यानं आपल्या शार्दूलच्या टाकीवरचं पितळी नाव काढलं आणि खुंटीवर अडकवलं. तिथं विकलेल्या बैलांची दावी टांगलेली होती. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, ही घरची रीत.

बायको रतनबाई बघतच राहिली. "दावं इकणाऱ्यानं ठेवायचं असतंय. तुमी इकली का गाडी?"

"न्हाई. कंपनीनं इकलं समदं."

"मग तुमी दावं कशाला सोडवता? तुमचं जनावर तर दारातच हाय."

धुळाजीनं खुंटीवरून नाव उतरवलं आणि मातीत पडलेले स्क्रू चाचपायला बसला.