मुसेकीवाच्या काठीचा वारस

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. वय विचाराल तर सांगता येणार नाही, पण ज्याने मला तासलं त्याला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि आता तो मातीखाली आहे. माझं एक टोक बारीक आणि दुसऱ्या टोकाला मुठीएवढा गोळा. दोन्ही मोपाने नावाच्या झाडाच्या एकाच फांदीतून निघाले.

मुसेकीवा त्याचं नाव. गुरं राखता राखता त्याने मला घडवलं आणि चरबी चोळून तुकतुकीत केलं. त्यानंतर पस्तीस वर्षं मी त्याच्या हातात होते. साप मारले, कुत्री पळवली, चिखलातून वाट शोधली. तो लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हा होणारा सासरा मला हातात घेऊन म्हणाला होता, "काठी झकास आहे, जावयाचं बघू." तेव्हापासून मी जरा शेफारलेच.

मग मुसेकीवा तापाने गेला. मागे बायको राहिली आणि नेत्साई नावाची नऊ वर्षांची मुलगी. मुलगा नव्हता.

आमच्याकडे मेलेल्याच्या वस्तूंना लगेच कुणी हात लावत नाही. वर्षभर थांबायचं, नाचणीची बिअर गाळायची, त्याच्या आत्म्याला घरी बोलवायचं आणि मगच वाटणी. तोवर मला त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सेकाईच्या, घरी छपराच्या गवतात खोचून ठेवलं. रोज हातात असणारीला असं पडून राहणं फार जड जातं. धुराने माझा रंग उतरला आणि कुणी चरबीचं बोटही लावलं नाही.

वारशाला आम्ही न्हाका म्हणतो. शब्द एवढासा, पण लोकांनी त्यात काय काय कोंबलंय पाहा. गाय न्हाका, नांगर न्हाका, आजोबांचं नाव न्हाका. पोरगं तापट निघालं तर तेही बापाची न्हाका. आणि दिराने विधवा वहिनीला घरात घेतलं, तरी लोक म्हणतात, त्याने न्हाका घेतली. गाय आणि बाई एकाच शब्दात बसवायला यांना काही वाटत नाही, याचा मला राग येतो.

मुसेकीवाचा धाकटा भाऊ गारिकाई याच न्हाकेवर डोळा ठेवून होता. घरी दोन बायका होत्या, तरी त्याला वहिनी हवी होती, म्हणजे तिचं शेत आणि घर हवं होतं. वाटणीच्या दिवशी विधवा आपल्या हाताने काठी ज्याला देते, तो तिचा नवरा होतो. मुलगा असला तर मुलाला देऊन ती मोकळी राहू शकते. नाहीतर नणंदेला. पण आदल्याच दिवशी सेकाई तिला म्हणाली होती, "माझ्याकडे काठी आणू नकोस. एकच भाऊ उरलाय मला, त्याच्याशी वैर घ्यायला लावू नकोस."

दिवस उजाडला. भावकीतले पुरुष मानाप्रमाणे चटईवर ओळीने बसले. आधी म्हातारे काका, मग गारिकाई, मग दोन चुलत भाऊ. सेकाईचा मुलगा जायरोस पुढे आला, कारण वाटणीचं काम भाच्याचं. त्याने मला अंगणात आडवं ठेवलं.

"मामी, ओलांडा," तो म्हणाला.

वर्षभरात दुसऱ्या पुरुषाशी सूत जमवलेली बाई मला ओलांडायला धजत नाही, असं सारे मानतात. नेत्साईची आई माझ्यापाशी आली, पाऊल उचललं आणि तिथेच थांबली.

मला घाम फुटत असता तर फुटला असता.

"पाय जड झाला का, वहिनी?" गारिकाई म्हणाला. "उगाच का थांबतं कुणी?"

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. नेत्साई रडकुंडीला आली. पण तिची आई खाली वाकली आणि तिने मला उचललं. माझ्या पोटाला तांब्याची तार गुंडाळलेली होती.

"जायरोस, ही तार कुणाची?" तिने विचारलं. "मी दिली तेव्हा काठी अखंड होती."

मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. शेवटचे चार महिने गारिकाई मला बिअरच्या बैठकींना मिरवत होता. वाटणीआधीच वारस होऊन बसला होता. एकदा झिंगून त्याने मला धोंड्यावर आपटलं, मी चिरले, म्हणून ही तार. गावाने त्याच्या हातात काठी पाहिली होती, पण ही कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं.

जायरोसने आईकडे पाहिलं.

"माझ्याच घरात होती," सेकाई म्हणाली. "याने मागितली. मी दिली. चुकलं माझं."

म्हातारे काका गारिकाईकडे वळले. "ऊठ. ज्याला वर्षभर दम निघाला नाही, त्याने या चटईवर बसू नये."

"एका काठीपायी, काका?"

"ऊठ म्हणतो ना."

तो उठला. मग नेत्साईच्या आईने मला पुन्हा जमिनीवर ठेवलं आणि सगळ्यांदेखत सरळ ओलांडून गेली. मला उचलून ती ओळीपुढून निघाली. काकांना मागे टाकलं, रिकामी जागा मागे टाकली, दोन्ही चुलत भावांना मागे टाकलं आणि सेकाईपुढे गुडघे टेकले.

"घ्या, वन्सं."

सेकाईचे हात हलले नाहीत. तिची नजर कुंपणाशी उभ्या गारिकाईवर होती. तिने मला घेतलं नाही, तर नेत्साईच्या आईला पुन्हा त्या ओळीकडेच वळावं लागणार होतं.

मग सेकाईने नजर फिरवली. दोन्ही तळहात वाटीसारखे जुळवून, वस्तू घेण्याआधी वाजवतात तशी टाळी वाजवली आणि मला घेतलं.

"आजपासून मी तुझा नवरा," ती म्हणाली. "मला शेतात राबवत नाही, गुडघे दुखतात, आणि बोलणं कडू आहे. चालेल का?"

"आधीचाही तसाच होता," नेत्साईची आई म्हणाली. वर्षभरात ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी मागे राहिलेली वस्तू असेल. तिला अधूनमधून तेलाचं बोट लावा. पुढे ती कुणाकडे जावी हे तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारलं नाही तरी माझी तक्रार नाही. माणूस मागे राहिलं असेल, तर मात्र त्याला विचारा.