गार हात

"लांब व्हा! हात म्हणजे नुसता बर्फ तुमचे!" बायको खेकसली. तिच्या तळव्यावर कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेल्या जातीची, पण उंदराएवढीच मादी होती. पोटाच्या पिशवीला तिची पिल्ले बिलगली होती.

प्राणिसंग्रहालयात नवराबायको समोरासमोरच्या खोल्या सांभाळत. तिची खोली उबदार, त्याची गारठलेली. पिशवीवाल्यांना उचलण्याआधी ती तळवे चोळून ऊन करी. पालीसारख्या दिसणाऱ्या, ओल्या कातडीच्या सॅलमँडरला मात्र माणसाच्या अंगची ऊबदेखील भाजते. म्हणून आपल्या एकुलत्या सॅलमँडर मादीला, 'बाईसाहेबां'ना, उचलण्याआधी तो हात गार पाण्यात बुडवून ठेवी. वाद घालण्याच्या हौसेपायी सगळे त्याला 'वकील' म्हणत.

आता एकच खोली चालू राहणार होती. साहेबांनी दोघांना बोलावले.

"माझ्याकडे पिल्लांना जागा पुरत नाही," बायको म्हणाली. "आणि ह्यांच्या बाईसाहेब दगडाखालून हलतील तर शपथ! पोरं विचारतात, काका, हे मेलंय का?"

वकील खाकरला. "साहेब, हिचे प्राणी रानात अजून पुष्कळ आहेत. बाईसाहेबांचा ओढाच आटला. हिची जात संकटात पिल्लं पोटाशी घेऊन पळते. बाईसाहेब कुठं पळणार? त्यांचा पाय तुटला तर नवा फुटेल, पण ओढा फुटेल का?"

बायकोने मान खाली घातली.

"पटलं," साहेब म्हणाले. "खोली तुमची. मग त्या दुसऱ्या केंद्राला नकार कळवतो. त्यांच्याकडे सॅलमँडरचा नर आहे, जोडी लावायला ते तुमची मादी मागताहेत. तुम्हीच म्हणाला होतात ना, प्रवास सोसणार नाही?"

वकिलाने तोंड उघडले. उत्तर नेहमीप्रमाणे जिभेवर होते. ते पहिल्यांदाच त्याने गिळले.

"सोसेल," तो म्हणाला. "ओलं शेवाळ, बर्फाची पेटी... नीट नेलं तर सोसेल. आधीही सोसला असता. मलाच पाठवायचं नव्हतं. खोली हिला द्या."

पेटी भरायच्या दिवशी त्याने हात नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्यात ठेवले. बाईसाहेब दगडाखालून निघाल्या, संथपणे त्याच्या तळव्यावर चढल्या आणि तिथेच थांबल्या. त्याने घाई केली नाही.

गाडी गेल्यावर तो खोलीत परतला आणि पुन्हा पाण्यात हात बुडवून उभा राहिला.

"अहो, हिला धरता का जरा?" बायको दारातून म्हणाली. "पिंजरा पुसायचाय."

"गार आहेत," तो म्हणाला.

तिने मादीला गळ्यातल्या कापडी झोळीत अलगद सोडले, त्याचे हात पाण्यातून बाहेर काढले, पदराने टिपले आणि आपल्या तळव्यांत घेऊन चोळू लागली. बराच वेळ ते ऊन झाले नाहीत. ती चोळतच राहिली.