पाळीवरची अंडी

“पाळवर अंडा शेतस! औंदा पानी जोरमा पडी!” धुडकूने आरोळी दिली आणि नारळ फोडलासुद्धा.

रनाळ्याच्या तळ्यावर सकाळीच निम्मं गाव लोटलं होतं; तळ्याच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, टिटवीची अंडी दिसली होती. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस भरपूर, खाली घातली की वर्ष कोरडं. इथे हवामान खात्यापेक्षा टिटवीवर विश्वास जास्त.

तळ्याचा राखणदार सुपडू गर्दीमागे घाम पुसत उभा होता. गाळाने बुजलेलं हे तळं गावाने श्रमदानाने उपसलं, काठाला गवत लावलं. पाखरं परतली, तशी पंचायतीने त्यांची राखण सुपडूकडे दिली. काल कालव्याचं पाणी सोडलं, तेव्हा तळ्याच्या कोरड्या मातीत टिटवीची अंडी होती. बुडतील म्हणून त्यानेच ती टोपीत घालून पाळीवर आणली. गाव त्यातून पाऊस ठरवेल, हे या बहाद्दराच्या डोक्यातच आलं नाही!

टिटवी वर ओरडत घिरट्या घालत होती. माणसं हलल्याशिवाय ती उतरणार नव्हती आणि ऊन तर चढत चाललं होतं. अंडी भाजून निघाली असती.

पाऊस नक्की म्हणून लोक कपाशी लावायला निघालेही. सुपडूची बायको तापीबाई जवळ आली. “चला ना, कपाशी लाई टाकूत. समदा लाई ऱ्हायनात.”

“अंडा मी ठेवात आठे!” सुपडू एकदम ओरडला. “टिटवीनी नई!”

सगळे त्याच्याकडे वळले.

“मंग पहिले कोठे व्हतात?” धुडकूने विचारलं.

“तठे. खाले.”

“खाले म्हंजे कितलं खाले?”

सुपडूने हात केला तिथे नुसतं पाणी होतं. तळात एक उंचवटाही होता. अंडी त्याच्यावर होती की पायथ्याशी? त्याला काही केल्या आठवेना.

“गावनी निशानी बिघाडी टाकी तू,” धुडकू म्हणाला. “आते पेरानं का नई, कोन सांगी?”

लोक एकमेकांना तेच विचारत पांगले. तापीबाईही निघून गेली. तिला लाज वाटली होती, आणि सुपडूला तिच्याहून जास्त.

तो लांब बाभळीखाली जाऊन बसला. बऱ्याच वेळाने टिटवी उतरली, पण पाळीवर नाही. ती पाण्याच्या कडेने धावायची, थांबायची, पाण्यात पाऊल टाकून मागे यायची. सुपडू उठला आणि पाळीकडे हात करू लागला.

“तठे नई, माय. वर शेतस. वर.”