माझ्या अंड्यांना हात लावू नका

होय, मीच बोलतेय. इकडेतिकडे काय शोधताय? वर बघा, शिलाईयंत्राच्या डोक्यावर टांगलेल्या पिंजऱ्यात. मी एक कॅनरी पक्षीण. अंगावर मूठभर पिवळी पिसं आणि पोटात मावेनासा राग. कॅनरी म्हटलं की तुम्हाला गाणं आठवतं. पण तसं गातात आमच्यातले नर. आम्ही माद्या अंडी घालतो. एवढी साधी गोष्ट माणसांना ठाऊक नव्हती, म्हणून माझा जीव जायची वेळ आली.

माझा जन्म एका पक्षीवाल्याच्या गच्चीवरच्या खोलीत झाला. दाणे नीट फोडायला शिकले न शिकले तोच या घरच्या शिंप्याने मला पसंत केलं.

"गातो ना हा?" त्याने विचारलं.

"गातो म्हणजे? कान किटतील तुमचे!" पक्षीवाला बेधडक खोटं बोलला. शिंप्याने खूश होऊन वाटेतच माझं नाव ठेवलं, उस्ताद.

घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या. शिंपी कापड बेततो, त्याची बायको शिवते, आणि त्याची थोरली बहीण काजं-बटणं करते. तिला सगळे अक्का म्हणतात आणि सगळे तिला वचकून असतात. शिंपी कात्री चालवता चालवता शीळ घालून मला गाणं शिकवायचा. मी आपली "चिर्र" म्हणायचे. मग माझा आवाज फुटावा म्हणून त्याने मला रोज उकडलेल्या अंड्याचा बलक चारायला सुरुवात केली. त्यात कामाची गर्दी उसळली. सकाळी लवकर लागलेले दिवे रात्रीपर्यंत मालवेनात.

आता उजेड लांबला, खाणं भरपूर झालं, की आमच्या जातीला वाटतं वसंत आला, संसार मांडा. खालून उडणारे दोरे आणि कापूस मी जाळीतून ओढून घेतले, दाण्याच्या वाटीत घरटं केलं आणि एका सकाळी त्यात अंडं घातलं. निळसर, ठिपक्यांचं, देखणं अंडं!

कौतुक राहिलं बाजूला. शिंप्याने कपाळावर हात मारला. मापं द्यायला आलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. "उस्ताद बाळंत झाले की हो! पण जोडीदार कुठाय?"

अहो, नर नसला तरी मादी अंडी घालते. त्यातून पिल्लू निघत नाही, इतकंच. कोंबडीला विचारता का कधी जोडीदार कुठाय म्हणून?

अक्काने निकाल दिला, "अंडं उचला. दिसेनासं झालं की विसरेल." आणि चमच्याने तिनेच ते उचललं. मी पंख फडफडवले, तिच्या बोटाला चोच मारली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अंडं घातलं, तिने पुन्हा नेलं. असा आमचा झगडाच सुरू झाला. मी घालायचं, तिने न्यायचं. घरटं रिकामं दिसलं की मला वाटायचं, हे अंडं गेलं, आता नव्याने सुरुवात करायला हवी. एकेका कवचासाठी मी माझ्या हाडांतला चुना खरवडून देत होते. वर हे म्हणणार, "उस्ताद हल्ली मलूल का दिसतो?"

शेवटी अंडं अडलं. वाटीत बसवेना, दांडीवर उभं राहवेना. पिसं फुगवून मी पिंजऱ्याच्या तळाशी कण्हत बसले. शेपूट थरथरत होतं.

"रुसलीय," शिंपी म्हणाला.

त्याच्या बायकोने यंत्र थांबवलं. दोन बाळंतपणं झालेली बाई ती. नुसतं बघून ओळखलं. "रुसलीय कसली? अडलीय ती! अहो, उठा, डॉक्टरीणबाईंकडे चला."

"आणि हे कपडे? गिऱ्हाईक येऊन बसेल."

"बसू दे! माझ्या वेळी असंच म्हणाला असतात का?"

शिंपी गुपचूप उठला. अक्काही चप्पल घालून मागोमाग आली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला ओलसर उबेत ठेवलं, सुई टोचली. बऱ्याच वेळाने ते अंडं सुटलं. मऊ, कवच नसल्यासारखं. मग बाईंनी तिघांना फैलावर घेतलं. "अंडी काढून का घेतलीत?"

अक्का खाली बघत म्हणाली, "त्यातून काही निघणार नाही, ठाऊक होतं. उगीच आशेला का लावायचं कुणाला? मी पण बसले होते की वर्षानुवर्षं, आज ना उद्या पाळणा हलेल म्हणून."

शिंप्याच्या बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही क्षणभर माझा राग विसरले.

डॉक्टरीणबाईंचा आवाज उतरला. "अक्का, तुम्ही अंडं नेत होतात म्हणून ती रोज नव्याने सुरू करत होती. राहू द्या तिच्यापाशी. पोटाशी अंडी पुरेशी झाली की घालायची थांबेल, खुडूक होऊन अंड्यांवर बसेल, आणि काही निघत नाही कळलं की तिची तीच उठेल."

आता हाडांना चुना मिळावा म्हणून समुद्रफेनाचा तुकडा जाळीला लावलाय, बलक बंद झालाय. संध्याकाळ झाली की अक्का पिंजरा आतल्या खोलीत नेऊन वर चादर टाकते. दोरे-कापूस माझ्यापर्यंत पोचू देत नाही. पण त्याआधी मी शेवटची अंडी घातली आणि पोटभर उबवली. कुणी हात लावला नाही. अक्का काजं करता करता खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायची.

मग एका सकाळी मला अंगाखालची अंडी नुसती थंडगार गोट्यांसारखी वाटली. मी उठले, पाण्याच्या ताटलीत उतरले आणि मनसोक्त अंघोळ केली.

माझा राग गेलाय असं समजू नका. पाळणाऱ्यांनो, हौस तुमची आणि हाडं झिजणार आमची, हा कुठला न्याय? आणायच्या आधी माहिती करून घ्या. आम्ही अंडी घातली तर हसू नका, हिसकावू नका.

त्या सकाळी अक्काने पिंजऱ्याचं दार उघडलं. हात आत घालण्याआधी थांबली आणि मला विचारलं, "झालं का गं तुझं? नेऊ?"

मी चोच मारली नाही.