पहिली शेजारीण

योरिनने व्हॅक्यूमची पिशवी कात्रीने कापली आणि आतली करडी धूळ चमच्याने बरणीत भरू लागली. तिची दहा महिन्यांची लेक लोट्टे टेबलाखाली रांगत होती. फरशीवर फिरलेली बोटं तिने तोंडात घातली. योरिनने वाकून ती बाहेर काढली, पुसली. लोट्टेने लगेच दुसऱ्या हाताची घातली.

खिडकीबाहेर लिलीच्या शेतात यंत्र फिरत होतं. कंद पोसावेत म्हणून इथे कळ्या उमलायच्या आधीच छाटतात. छाटणी झाली की फवारणी.

फवारलेलं औषध घरांत शिरतं याचा पुरावा आणा, असं नगरपालिकेने सांगितलं होतं. प्रयोगशाळेला बारा घरांतली धूळ हवी होती, उद्यापर्यंत. आठवडाभर लोट्टेला कडेवर घेऊन योरिनने रस्त्याच्या पार टोकापासून एकेक दार ठोठावलं होतं. आताची, तिच्या स्वतःच्या घरची, अकरावी बरणी. बारावं घर शेजारचं, शेतमालक एखबर्टचं. तिथे जायला पाय उचलला नव्हता.

पुढच्या दाराची घंटा वाजली. योरिन दचकली. ड्रेंट प्रांतातल्या या गावात शेजारी मागच्या दाराने येतात, न विचारता. पुढचं दार लग्नाला आणि मयताला.

बाहेर एखबर्टची बायको रूलफिन उभी होती. अंगात चर्चला जायचा कोट, हातात कापडी पिशवी.

“शेजारीणबाई, तुम्ही पुढून?”

“मागून शेजारी येतात. मी अजून शेजारी आहे का, ते विचारायला आले.”

ती आत आली, पण बसली नाही. बरण्यांवरून तिची नजर फिरली.

“त्या टोकाच्या घरापासून सुरुवात केलीस म्हणे. त्यांच्या सामानाचे खोके अजून सोडून झाले नाहीत, आणि ते माझ्याआधी?”

“मला वाटलं, तुम्हाला...”

“हिच्या जन्माची खूण म्हणून अंगणात लाकडी करकोचा कुणी ठोकला? आठ दिवस सूप कुणी आणलं? लगतचं घर म्हणजे पहिला शेजारी, त्याला सगळ्यांच्या आधी सांगायचं असतं, पोरी. बारसं असो, मयत असो. भांडण असलं तरी!”

“हे एखबर्टच्या फवारणीविरुद्ध आहे.”

“वाचता येतं मला. सुपरमार्केटच्या दारावर हातभर कागद लावलायस.”

लोट्टेने तिच्या कोटाचं टोक पकडलं. रूलफिनने तिला उचललं आणि रुमालाने तिची बोटं पुसली, दोन्ही हातांची. मग ती खुर्चीवर टेकली. योरिनने कॉफी ओतायला घेतली.

“अर्धाच,” रूलफिन म्हणाली, आणि ओशाळल्यासारखं हसली. “सवय लागलीय. एखबर्टला हल्ली अर्धाच देते. भरलेला कप सांडतो त्याच्या हातून. म्हणतो, गारठ्याने हात थरथरतो.”

“जुलैत?”

“जुलैत.”

बाहेर यंत्राचा आवाज जवळ आला, पुन्हा लांब गेला. रूलफिनने कापडी पिशवीतून गाठ मारलेली व्हॅक्यूमची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली.

योरिनने कागद पुढे केला. नाव. घर क्रमांक. शेतापासूनचं अंतर. तिथे रूलफिनचं पेन अडखळलं.

“तीसेक मीटर असेल,” योरिन म्हणाली. “मोजून आणू का?”

“कशाला? रोज संध्याकाळी त्याचे कपडे मीच झटकते, मीच धुते.” रूलफिनने ठसठशीत शून्य काढलं आणि पेनाला टोपण लावलं.

“तुम्ही धूळ दिलीत, हे एखबर्टला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग सांगणार कोण?”

“त्याची पहिली शेजारीण कोण?”

रूलफिनने लोट्टेला योरिनच्या हातात दिलं, कप विसळून पालथा घातला आणि मागच्या दाराने निघून गेली. दार तिने लोटलं नाही.

शेतातलं यंत्र थांबलं. एखबर्टची कॉफीची वेळ झाली होती. योरिनने बारावी बरणी भरून तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, लोट्टेला कडेवर सावरलं आणि मागच्या दाराने बाहेर पडली.